दर मिलिमीटरला चार

डबरे म्हणतो, सहा घे.
दर मिलिमीटरला सहा किलो,
वळणात गाडी पाटासारखी जाईल.
त्याचं काय,
त्याची पाठ वसईच्या केळीच्या बागेत घडलेली,
त्याला आठही चालतील.

माझी एस्टीम सत्त्याण्णवची.
मागची सीट काढलेली, गालिचा काढलेला,
आत काही बोललं की पत्र्याला लागून आवाज परत येतो.
कंपनीच्या स्प्रिंगा दोनच्या, त्याही दमलेल्या.
डिसेंबरात कोइम्बतूरला कुणीतरी फोटो काढला,
तिसरं वळण, गाडी अशी कललेली
जणू बाजूचं गवत तिच्या कानात काही सांगतंय.

मुकादमचं गॅरेज रे रोडला, दारूखान्याच्या तोंडाशी,
जिथे जहाजांची दारं, संडास, नांगर
सगळं किलोवर मिळतं.
सहाच्या स्प्रिंगेवर तो दोन बोटं वाजवतो.
"ही घ्या ताई, आणि शॉकअप जुनेच ठेवा.
मग गाडी जमिनीवरून नाही,
जमिनीच्या वरून जाईल.
टायरला रस्ता चाटता आला पाहिजे."

मी चार म्हटलं.
चार म्हणायला सव्वा महिना लागला.
बँकेत लॉकरच्या रजिस्टराखाली वही,
वहीच्या मागच्या पानांवर बेरजा:
पुढच्या चाकावर किती, मागच्या चाकावर किती,
पेट्रोल अर्धं, मी बासष्ट,
हेल्मेट धरून चौसष्ट.

खोकं उघडायला अण्णा आले होते.
वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक.
तीस वर्षं भायखळ्यापासून मुलुंडपर्यंत
पारड्यांच्या बुडाशी चिकटवलेली चुंबकं काढलेले हात.
खोक्यावर मोठ्या लाल आकड्यात छापलेलं: चार.
अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"छापलंय ते दिसतंय. शिक्का कुणाचा?"

मग मुकादमच्या प्रेसखाली आमचा बाथरूमचा काटा,
काट्यावर लोखंडी पाट, पाटावर स्प्रिंग,
शेजारी अण्णांची स्टीलची पट्टी उभी.
दांडा उतरला.
वीस मिलिमीटर. ऐंशी.
दुसरी. ऐंशी, जराशी वर.
तिसरी. एकोणऐंशी.
चौथी
बहात्तर.
"परत."
बहात्तर.

कुणी काही बोललं नाही.
बाहेर कुणीतरी नांगराची साखळी ओढत होतं,
एकेक कडी मोजून घेतल्यासारखी.

डबरे म्हणाला, परत पाठव.
पण ट्रॅक शनिवारी, आणि दुसरी यायला पंधरा दिवस.
मुकादम म्हणाला, मागे डावीकडे घालू,
ताई उजवीकडे बसतात, वजन तिकडेच.
अण्णा काही म्हणाले नाहीत.
त्यांनी ती चौथी स्प्रिंग मांडीवर घेतली
आणि तिच्या वेटोळ्यांवरून अंगठा फिरवत राहिले,
आत कुठे ढिलाई केली असेल ते सापडेल म्हणून.

फ्रीवेवर चढलो तेव्हा सूर्य मिठागरांकडे नव्हता,
पाठीमागे होता, आरशात.
पुलाचा प्रत्येक सांधा माझ्या दाढेत वाजला.
"पूर्वी इथे एवढे सांधे नव्हते," अण्णा म्हणाले.
"होते."
"मग?"
"कळत नव्हते."

उतारावरच्या डाव्या वळणात मी गाडी जरा सोडली.
ती कलली, थोडी,
आणि मी मनात धरलं होतं
जवळपास तिथेच थांबली.
जवळपास.
अण्णांनी दरवाज्याचा दांडा पकडला होता,
सोडला, परत पकडला.

भांडुपला गेटावरच्या उंचवट्यावर डबा उलटला,
लिंबाच्या लोणच्याचं तेल चटईवर.
चटई नाहीच, विसरले होते. पत्र्यावर.

रात्री त्यांनी जुनी कार्बनची वही काढली.
तारीख. ठिकाण, रे रोड. नग चार.
पैकी सदोष एक, घट आठ किलो, ऐंशीस.
कारवाईचा रकाना कोरा.
खाली स्वतःची सही, निवृत्त धरून, पूर्ण पदनामासकट.
मग पेन माझ्याकडे केलं,
"दुकानदार इथे करतो."
मी केली.